सेंद्रिय अन्नाचा सामाजिक उद्योग चालवताना: कोल्हापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं कामकाज बघते. सेंद्रिय गूळ, घनसाळ तांदूळ, नाचणी आणि थोडी कडधान्यं, एवढाच आमचा माल. करवीर-पन्हाळ्याकडचे ऊसकरी आणि आजऱ्याकडचे भातकरी असे आमचे सभासद. दुसऱ्या गावांतले गट भेटायला येतात, फोन करतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच निघतात. शेतीबद्दल फार कोणी विचारत नाही, शेण-गोमूत्राचं जीवामृत कसं करायचं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. गाडं अडतं ते माणसं, पैसा आणि दिलेला शब्द सांभाळताना. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते आहे.

सामाजिक उद्योग म्हणजे नक्की काय? समाजसेवा, संस्था की धंदा?

धंदाच. माल घ्यायचा, विकायचा, हिशेब जुळवायचा, चार पैसे उरवायचे. फरक एवढाच, की उरलेल्या पैशाचं काय करायचं आणि तो कुणाच्या जिवावर उरवायचा नाही, हे आधीच ठरलेलं असतं. कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची बाजारपेठ वसवली ती गुळाला हक्काचा बाजार मिळावा म्हणून. शेतकरी सहकारी संघ १९३९ चा, गोकुळ दूध संघ १९६३ चा. ‘आपला संघ’ हा शब्द इथल्या घराघरांत आहे.

आमच्यासारख्या कंपनीनं दोन ठिकाणी शब्द दिलेला असतो. शेतकऱ्याला दर आणि तारखेचा, गिऱ्हाईकाला मालाच्या शुद्धतेचा. हातात पैसा खेळता असतो तोवर दोन्ही पाळणं सोपं असतं. तंगी आली की एक मोडून दुसरा पाळायचा मोह होतो: बाहेरचा माल मिसळून ऑर्डर पुरी करायची, नाहीतर शेतकऱ्याचं बिल दोन महिने लांबवायचं. मॅनेजमेंटच्या प्रशिक्षणात मी पुष्कळ शिकले, पण रोजच्या कामात माझ्यापुढे येणारा प्रश्न शेवटी हाच असतो.

सहकारी संस्था काढावी, उत्पादक कंपनी की सेक्शन ८?

सभासदाला त्याच्या मालावर बोनस द्यायचा असेल तर सेक्शन ८ कंपनी, म्हणजे कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी, बाजूला ठेवा. तिथे नफा वाटता येत नाही. प्रशिक्षण, जनजागृती, देणग्या असं काम असेल तर ती ठीक. मग उरतात दोन. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालची संस्था, किंवा २००२ सालच्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात आलेली उत्पादक कंपनी.

आम्ही उत्पादक कंपनी निवडली. किमान १० उत्पादक लागतात, संचालक ५ ते १५, आणि शेतकरी सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. म्हणजे सहकाराचा गाभा आहे आणि चौकट कंपनीची आहे. कंपनीच्या धंद्याशी ज्याच्या स्वतःच्या धंद्याची टक्कर होते, त्याला सभासद करता येत नाही, हेही कायद्यात आहे. गावातला व्यापारी ‘मी पण शेतकरीच की’ म्हणत फॉर्म घेऊन येतो तेव्हा हे कलम उपयोगी पडतं.

एक सावधगिरी. वार्षिक कागदपत्रं वेळेवर भरायला चांगला सीए लागतो आणि त्याची फी लागते. नोंदणीच्या उत्साहात हा खर्च कुणीच धरत नाही. पहिल्या वर्षीपासून धरा.

अध्यक्ष आणि सीईओ यांचं काम कसं वाटून घ्यायचं? आमच्याकडे रोज खटके उडतात.

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नावर येतात. उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असलाच पाहिजे आणि तो सभासदांपैकी नसावा, असं कायदाच सांगतो. या तरतुदीमागे शहाणपण आहे. स्वतःचा माल घालणारा माणूस मालाची प्रत ठरवायला बसला की शेजाऱ्याच्या मनात किंतू येतोच.

आमच्याकडे पहिली दोन वर्षं गोंधळ होता. अध्यक्ष मोठ्या मनाचे, पण गाडीच्या ड्रायव्हरला थेट फोन करायचे. ‘आधी आमच्या वाडीवर ये.’ ड्रायव्हर जायचा. दुसऱ्या गावात नाचणीची पोती रस्त्याकडेला घेऊन बायका उन्हात बसून राहायच्या. मी बोलले तर सून सासऱ्यापुढं बोलली असं व्हायचं. शेवटी वाद न घालता मी एक काम केलं: गाडी कुठल्या वारी कुठल्या गावाला जाणार याचा तक्ता करून गोदामाच्या दारावर चिकटवला, आणि त्यावर संचालक मंडळाच्या बैठकीत सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पहिली सही अध्यक्षांची. तेव्हापासून कुणी फोन केला की ड्रायव्हर म्हणतो, ‘दादा, तक्त्यावर न्हाई.’ त्याला कुणाला दुखवावं लागत नाही, आणि मलाही.

आता वाटणी अशी आहे. दर, धोरण, नवा सभासद, मोठं कर्ज हे मंडळ ठरवतं. खरेदी, प्रतवारी, विक्री, नोकरमाणसं हे मी बघते. चेकवर दोघांच्या सह्या. अध्यक्षांनी गोदामात हुकूम द्यायचा नाही आणि मी गावात जाऊन दराचा शब्द द्यायचा नाही. कायद्याप्रमाणे मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत एकदा, वर्षातून किमान चार तरी व्हायला हवी. गुऱ्हाळाच्या हंगामात आम्ही दर महिन्याला बसतो, कारण तीन महिन्यांत तर हंगाम संपत येतो.

सीईओ कुठून आणायचा आणि पगार कसा परवडायचा?

केंद्राच्या २०२० सालच्या १० हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १८ लाख मिळतात. म्हणजे महिन्याला ५० हजार. त्यात सीईओ, हिशेबनीस, भाडं, प्रवास, सगळं बसवायचं. चौथ्या वर्षी हा नळ बंद.

म्हणून दुसऱ्याच वर्षी कागद-पेन्सिल घेऊन बसा. महिन्याला ५० हजार म्हणजे वर्षाला ६ लाख. किलोमागे खर्च वजा जाऊन १० रुपये उरत असतील तर नुसता ऑफिसखर्च निघायला ६० टन माल विकला पाहिजे. तुमची विक्री १५ टन असेल तर उरलेल्या ४५ टनांचं काय ते आत्ताच बोला. मी पाहिलेल्या कितीतरी कंपन्या अनुदान संपल्याच्या दुसऱ्या महिन्यात कुलूपबंद झाल्या. त्यांचे शेतकरी चांगले होते, मालही चांगला होता.

माणूस शक्यतो तालुक्यातला घ्या. कृषी पदवीधर मुलगा पुण्या-मुंबईहून आला की वर्षभरात परत जातो. त्याचा दोष नाही, एवढ्या पगारात त्याचं भागत नाही. दूध संस्थेत सचिव म्हणून काम केलेला माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याला खातं, कपात आणि सभासदाचा राग, तिन्ही कळतं.

शेतकऱ्याला दर किती द्यायचा? ‘बाजारभावापेक्षा वीस टक्के जास्त’ ही पद्धत बरी का?

ती पद्धत आम्ही केली आणि सोडली. बाजार पडला की वीस टक्के जास्त धरूनही शेतकऱ्याचा खर्च निघत नाही. भांगलणीची, म्हणजे तण काढायची, मजुरी बाजार पडला म्हणून कमी होत नाही.

आमचा हिशेब उसाच्या बाबतीत असा. शेतकरी मनात साखर कारखान्याशी तुलना करत असतो, मग आपणही तिथूनच सुरुवात करायची. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. आपल्या भागात उतारा वर असतो, त्यामुळे आकडाही वर जातो, आणि तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. एका टन उसाचा गूळ साधारण १०० ते १२० किलो पडतो. ११० धरा. ३,५५० ला ११० नं भागलं की किलोमागे ३२ रुपयांवर जातं, आणि हा नुसता ऊस झाला. गुऱ्हाळाची मजुरी, रस साफ करायची भेंडी, पॅकिंग, भाडं, घट, दुकानदाराचं कमिशन यातलं काहीच अजून धरलेलं नाही. शिवाय सेंद्रियकडे वळल्यावर पहिली दोन-तीन वर्षं एकरी ऊस कमी पडतो. हा कागद मी लॅमिनेट करून ठेवला आहे. कुणी किलोला चाळीस रुपयांनी सेंद्रिय गूळ मागितला की पुढं करते.

हंगामाआधी आमसभेत किमान दर ठरतो. बाजार कितीही पडला तरी त्याच्या खाली खरेदी नाही. वर्षअखेर उरलं तर घातलेल्या मालाच्या प्रमाणात बोनस. किमान दर फार चढा ठेवायचा मोह आवरा. आमसभेत टाळ्या मिळतात आणि मार्चमध्ये गोदाम भरलेलं राहतं.

पैसे किती दिवसांत द्यावेत? खेळतं भांडवल कुठून आणायचं?

कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या डोक्यात दोन मापं पक्की आहेत: दुधाचं दहा दिवसांचं बिल, आणि ऊस गेल्यापासून १४ दिवसांत कारखान्यानं द्यायचे पैसे, जे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच लिहिलं आहे. सेंद्रिय असलं म्हणून तुम्हाला कोणी दोन महिने थांबणार नाही.

अडचण अशी, की गूळ दिवाळीपासून मार्चपर्यंत येतो आणि विकायचा वर्षभर. भात तर एकाच महिन्यात सगळं येतं. आम्ही माल घेताना ठरलेला मोठा हिस्सा १४ दिवसांत देतो, उरलेला दोन हप्त्यांत, तारखा पावतीवर छापून. भांडवलासाठी सभासदांचे शेअर आहेत. केंद्राच्या योजनेत त्यावर सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत, कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख, समभाग अनुदान मिळतं. नाबार्डची नॅबकिसान ही वित्तसंस्था उत्पादक कंपन्यांना कर्ज देते. गोदामपावतीवरही कर्ज मिळतं. पण कर्ज मागायला जाण्याआधी दोन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब तयार हवेत.

तिसऱ्या वर्षी एका मोठ्या खरेदीदारानं आमचे पैसे अडकवले. हप्त्याची तारीख पाच दिवसांवर आली होती. तारीख उलटल्यावर तोंड दाखवण्यापेक्षा आधीच जावं म्हणून मी आणि उपाध्यक्ष दोन दिवस दारोदार फिरलो. लोक चिडले, काही घरांत चहासुद्धा विचारला नाही. एका आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘पोरी, पैसं आज न्हाईत ह्ये कळालं. कवा देणार तेवढं सांग.’ मी तारीख सांगितली. ती पाळायला उपाध्यक्षांनी स्वतःची ठेव तारण ठेवली. पुढच्या हंगामात आबांनी सगळा ऊस आम्हालाच दिला. त्या खरेदीदाराला आम्ही नंतर उधारीवर कधीच माल दिला नाही, आणि विक्रीच्या एक-पंचमांशाहून जास्त माल एका गिऱ्हाईकाला द्यायचा नाही, असा ठराव करून ठेवला.

प्रमाणपत्र कुठलं घ्यावं? पीजीएस चालेल का?

माल परदेशी जाणार असेल तर एनपीओपीचं, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं, तृतीय पक्ष (बाहेरच्या संस्थेनं तपासून दिलेलं) प्रमाणपत्र लागतं, त्याला इलाज नाही. तिथे शेतकरी गट २५ ते ५०० सभासदांचा असतो आणि गटाला स्वतःची अंतर्गत तपासणी यंत्रणा उभी करावी लागते. हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं, बहुवर्षायू पिकांना पहिल्या काढणीआधी तीन वर्षं रूपांतराचा, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा, काळ.

देशातच विकायचं असेल तर पीजीएस-इंडिया, म्हणजे सभासदांच्या सहभागातून हमी देणारी पद्धत, पुरते. किमान पाच शेतकऱ्यांचा गट, आणि सभासदच एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. रूपांतराच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’, नंतर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’. एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१७ चे सेंद्रिय अन्नाचे नियम दोन्ही पद्धती मानतात आणि ‘जैविक भारत’ चिन्ह दोन्हींना मिळतं. त्याच नियमांत, वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि थेट गिऱ्हाईकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे, पण मग त्याला ते चिन्ह वापरता येत नाही.

सभासदानं चोरून फवारणी केली तर काय करावं?

हे आमच्याकडे घडलं आहे, आणि त्यात चूक एकट्या त्याची नव्हती म्हणून सविस्तर सांगते.

एका सभासदानं उसाच्या बांधाला आणि पहिल्या चार सरींत तणनाशक मारलं. पीजीएसच्या फेरीत तिघे शेजारी त्या शेतात जाऊन आले आणि ‘सर्व ठीक’ लिहून सह्या करून मोकळे झाले. आठवड्यानं मी बियाणं द्यायला म्हणून त्या वाटेनं गेले, तर बांधाचं गवत मुळापासून पिवळं पडून झोपलं होतं. पाण्याअभावी वाळलेलं गवत असं दिसत नाही. शेतकऱ्याच्या पोरीला ते लांबूनच कळतं. तिघांना विचारलं तर एक जण खाली बघत म्हणाला, ‘ताई, उद्या त्याच्याच विहिरीचं पाणी घ्यायचं हाय मला.’

त्यात हा सभासद एका संचालकांच्या भावकीतला. बैठकीत ते संचालक स्वतः उठून बाहेर गेले. जाताना ‘माझ्याकडं बघून ठरवू नका’ एवढंच बोलले. त्यांच्या त्या उठून जाण्याचे उपकार मी विसरलेले नाही. त्या शेताचा ऊस वेगळा तोडला, कारखान्याला गेला, आमच्या लेबलखाली एक किलोही आला नाही. त्या शेताचं रूपांतर पुन्हा पहिल्यापासून धरलं. सभासदत्व मात्र ठेवलं.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. तपासणीला दुसऱ्या गावचे सभासद जातात, ज्यांना त्याच्या विहिरीचं पाणी लागत नाही. आणि महिनाभरानं, राग निवल्यावर, आम्ही त्याला विचारलं की बाबा, का मारलंस? तर त्याच्या घरी बायकोचं ऑपरेशन झालं होतं, भांगलणीला कोणी मिळत नव्हतं, तण गुडघ्याला आलं होतं. त्यानं दोनदा ऑफिसला फोनही केला होता. आमच्या वहीत तो फोन नोंदवलेला नाही. आता कंपनीची भांगलणीची टोळी आहे, नऊ बायकांची, आणि अडचणीतल्या सभासदाकडे ती आधी जाते. मजुरी त्याच्या बिलातून नंतर कापतो.

सेंद्रिय गूळ काळपट का? गिऱ्हाईक पिवळाच मागतं.

पिवळाधमक रंग पुष्कळदा हायड्रॉसचा, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटचा असतो. तो रंग टिकतही नाही, ठेवला की उतरतो. बिनरसायनाचा गूळ तांबूस ते गडद तपकिरी असतो, आणि जमीन, उसाची जात, मुरलेला की कोवळा ऊस याप्रमाणे प्रत्येक आदणाला, म्हणजे काहिलीत एका वेळी आटवलेल्या रसाला, थोडा बदलतो.

दुकानात बसणाऱ्या मुलीला हे तोंडपाठ करून चालत नाही. आम्ही प्रत्येक नव्या विक्रेतीला एक अख्खा दिवस गुऱ्हाळावर पाठवतो. रस काहिलीत तापायला लागला की वर मळी येते, ती मोठ्या झाऱ्यानं ओढून काढतात. भेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत पाणी निघतं, ते रसात सोडलं की उरलीसुरली मळी धरून वर येते. मग गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, काहिलीपाशी उभा राहतो आणि बोलणं बंद. पाक साधारण ११८ अंशांना येतो, पण तो थर्मामीटर बघत नाही. थोडा पाक गार पाण्यात टाकतो आणि चिमटीत गोळी करून बघतो. गोळी टणक वाजली की हात वर करतो, आणि चौघं मिळून काहील वाफ्यात ओततात. दोन मिनिटं उशीर झाला तर आदण करपलं. हे एकदा डोळ्यांनी बघितलेली मुलगी ‘काळा का?’ला घाबरत नाही.

याच ओघात व्यवस्थापनाची एक गोष्ट. आमचा गुळव्या पाचवीपर्यंत शिकलेला आहे आणि गुणवत्तेचा निर्णय त्याचा असतो. त्यानं नापास केलेलं आदण मी पास करत नाही, ऑर्डर कितीही तातडीची असो. वर्षभर त्याला बांधून ठेवायला हंगामाबाहेरही काम आणि पगार द्यावा लागतो. संचालकांना तो खर्च जड वाटला होता. पण ऐन हंगामात गुळव्या दुसऱ्या गुऱ्हाळावर गेला तर काय होतं, हे एकदा सोसल्यावर तो विषय निघाला नाही.

कोल्हापुरी गुळाला जीआय आहे, मग वेगळं सेंद्रिय कशाला?

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, जागा सांगतं, पद्धत नाही. कोल्हापूर गुळाला २०१४ मध्ये आणि आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घनसाळ रासायनिक खतावरचाही असू शकतो. लेबलवर जीआय आणि सेंद्रिय दोन्ही लिहायचं तर दोन्हींचे कागद हवेत.

तांदळाला किडे होतात, माल परत येतो. कीड मारायच्या सल्फासच्या गोळ्या तर चालत नाहीत.

चालत नाहीतच. भात भरडून ठेवूच नका. टरफलासकट, नीट वाळवून, लाकडी फळ्यांवर थप्पी लावून ठेवा आणि पंधरा दिवसांची मागणी बघून तेवढंच भरडा. एक-दोन किलोची पाकिटं व्हॅक्यूम करा. नाचणीला हा त्रास फारसा नाही. गुळाचं दुखणं वेगळं: पावसाळी हवेत तो पाघळतो, तेव्हा जूनच्या आत पॅक झाला पाहिजे किंवा शीतगृहात गेला पाहिजे.

परत आलेला माल निमूट बदलून द्या, आणि कुठल्या लॉटचा, कुणाच्या शेताचा हे वहीत लिहा. आमची ती वही आता चौथी चालू आहे.

महापुरात शेत बुडालं तर सेंद्रियपण जातं का?

२०१९ आणि २०२१ नंतर हा प्रश्न नदीकाठच्या प्रत्येक गटानं विचारला. पुराचं पाणी वरच्या शेतांचं, गटारांचं, कारखान्यांचं सगळं घेऊन येतं. लपवू नका. पाणी किती दिवस होतं, कुठवर होतं, याचे फोटो आणि गटक्रमांक लगेच प्रमाणीकरण संस्थेला किंवा पीजीएसच्या प्रादेशिक परिषदेला कळवा, माती तपासा, आणि निकाल येईपर्यंत त्या शेतांचा माल वेगळा ठेवा.

कंपनीच्या दृष्टीनं तयारी आधीची असते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. आम्ही ३५ फुटांवरच खालच्या गोदामातला माल हलवायला सुरुवात करतो. २०१९ ला हलवला नव्हता. रस्तेही बंद झाले, गाड्या कुठेच जाईनात. तेव्हापासून जुलैच्या आत निम्मा साठा पंचगंगेपासून लांब, उंचावरच्या गोदामात असतो, आणि सभासदही एकाच खोऱ्यातले न घेता डोंगरी भागातलेही घेतो.

बायका सगळं काम करतात, पण सभासद नवरे. यावर काय?

सातबारा पुरुषाच्या नावावर असतो म्हणून फॉर्मही त्याच्याच नावानं भरला जातो. पण कायद्यातली ‘उत्पादक’ची व्याख्या मोठी आहे, प्राथमिक उत्पादनाशी जोडलेलं काम करणारी व्यक्ती त्यात येते. सातबाऱ्याची अट आपल्या गटांनी स्वतःहून घातलेली असते. ती काढा. महाराष्ट्रात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे, नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठ्याकडे आम्ही गटानं जातो.

बैठका संध्याकाळी सातला ठेवू नका. ती धारेची आणि भाकरीची वेळ आहे. आमची बैठक दुपारी दोनला सुरू झाली आणि वहिनी-काकी बोलायला लागल्या. बियाणं घरी कुणी किती राखलंय, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा खरं कळलं.

गावातलं गटातटाचं राजकारण कंपनीत शिरतं. कसं रोखायचं?

पूर्ण रोखता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात दूध संस्थेची निवडणूकसुद्धा चुरशीची होते. आम्ही एवढंच केलं: दोन्ही गटांचे लोक मंडळावर मुद्दाम घेतले, कंपनीच्या कार्यक्रमाला स्टेज आणि हारतुरे ठेवले नाहीत, आणि खरेदीचं रजिस्टर काउंटरवर उघडं ठेवलं. कुणाचा माल किती, दर काय, कपात कसली, कुणीही येऊन पानं उलटावीत. पहिल्या वर्षी रोज कुणीतरी यायचं. आता क्वचित कोणी उघडतं, पण रजिस्टर तिथेच असतं.

प्रशिक्षणाला तज्ज्ञ बोलवावेत का?

जरूर. प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र तर कोल्हापुरातच आहे. पण आपल्याच गावाची एक परंपरा विसरू नये. श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक, कोल्हापूरचे. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो शेतकऱ्यानं आपल्याच शेतात प्रयोग करावा आणि दुसऱ्याला दाखवावा या पायावर. आमच्या शिवारफेरीत शेताचा मालक बोलतो, पाहुणे तज्ज्ञ शेवटी.

काम नीट चाललंय हे कशावरून ओळखायचं?

सभासदसंख्येवरून नक्कीच नाही. आम्ही फळ्यावर चारच आकडे लिहितो: यंदा प्रत्यक्ष माल घातलेले सभासद किती, बिल सरासरी किती दिवसांत गेलं, परत आलेला माल किती किलो, आणि सेंद्रिय सोडून परत गेलेले एकर किती. चौथा आकडा लिहायला मन धजत नाही, पण अनुदानाच्या अहवालात तो कुणी विचारत नाही म्हणूनच तो फळ्यावर हवा. सोडून गेलेल्या प्रत्येकाच्या घरी आम्ही जातो. मजूर, पैसे लवकर मिळणं, मुलाची नोकरी, अशी कारणं निघतात. सेंद्रियवरचा विश्वास उडाला असं सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

सुरुवात करणारा माणूस बाजूला झाला की संस्था बसते. त्यावर उपाय?

बाजूला व्हायची तयारी त्यानंच करायची. माझ्याजागी येईल अशी मुलगी दोन वर्षांपासून माझ्याबरोबर आहे. मोठ्या खरेदीदारांशी आता तीच बोलते, मी शेजारी बसते. मागच्या हंगामात तिनं एका व्यवहारात माझ्यापेक्षा कमी दर कबूल केला. मी टेबलाखाली मुठी आवळल्या आणि गप्प राहिले. पुढच्या वेळी तिनं स्वतःच तो भरून काढला. गुऱ्हाळाच्या आणि गोदामाच्या किल्ल्या येत्या पाडव्याला तिच्याकडे जाणार, असा मंडळाचा ठराव झाला आहे.

तुमचं गुऱ्हाळ बघायला कधी यावं?

दिवाळी झाल्यावर मार्चपर्यंत कधीही, पण पहाटे या. पहिलं आदण सकाळी लवकर लागतं. काकवी हवी असेल तर स्टीलची बरणी बरोबर आणा, प्लास्टिकमध्ये आम्ही गरम काकवी देत नाही. आणि गुळव्या पाक बघत असताना त्याच्याशी बोलू नका.